खंजनदर्शन : एका हिवाळी पक्ष्याची नावे आणि नागर वस्ती

१

पावसाचा जोर ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले, म्हणजे महाराष्ट्रातील शहरांच्या वस्तीत एक लहानसा पक्षी येऊन दाखल होतो. अंगाने तो चिमणीएवढाच, परंतु लांब शेपटीमुळे तिच्याहून मोठा भासणारा असतो. त्याचे वजन सुमारे २० ते २५ ग्रॅम आणि लांबी १६ ते १९ सेंटिमीटर भरते. चिमणीसारखा तो टुणटुण उड्या मारीत नाही. एकामागून एक पाय टाकीत भरभर चालतो, मध्येच थांबून शेपटी वरखाली हलवितो आणि पुन्हा धावत सुटतो. उडताना त्याची गती लाटेसारखी असते, आणि त्याच वेळी तो दोन अक्षरांची एक तीक्ष्ण साद घालीत जातो. वस्तीतल्या माणसास बहुधा ही सादच प्रथम ऐकू येते, आणि मग पाहणाऱ्याची नजर पक्ष्याचा शोध घेऊ लागते.

मराठीत या पक्ष्यास धोबी किंवा परीट म्हणतात. संस्कृतात खंजन आणि खंजरीट अशी त्याची दोन नावे असून अमरकोशात ती एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेली आहेत. ही नावे एकाच जातीची नसून एका लहानशा कुलाची आहेत, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. करडा धोबी सप्टेंबरच्या आरंभापासून दिसू लागतो. पांढरा धोबी त्याच्या मागून, बहुधा ऑक्टोबरात येतो. पिवळा धोबी ओलसर कुरणांत आणि तळ्यांच्या काठी उतरतो. या तिन्ही जाती हिवाळी पाहुण्या होत. चौथा थोरला धोबी मात्र येथलाच रहिवासी असून नदीकाठी बारा महिने आढळतो. ज्याची वाट पाहिली जाते तो अर्थात येऊन जाऊन असणारा. जो सदैव समोर आहे त्याची प्रतीक्षा कोणी करीत नाही.

ही प्रतीक्षा केवळ आजच्या पक्षिनिरीक्षकाचा छंद आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः या पक्ष्याच्या पहिल्या दर्शनाची वाट पाहण्याची रीत फार जुनी असून तिचे पुरावे ग्रंथांत आणि भाषेत स्पष्टपणे उमटलेले आहेत. या पुराव्यांचा परामर्श घेतला असता असे दिसते की, हा पक्षी रानातून चुकून शहरात आलेला नाही. मनुष्यवस्तीतच त्यास पाहण्यात आले, वस्तीतच त्यास नावे मिळाली, आणि वस्तीतील ज्या जागांमुळे तो येतो त्या जागांची स्मृती त्याच्या नावांत साठविलेली आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

२

इसवी सनाच्या सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनकलक्षण नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. या पक्ष्याच्या पहिल्या दर्शनाची फळे सांगणे हा त्याचा विषय. येथे ‘पहिल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो पक्षी वर्षभर दिसतो त्याच्या पहिल्या दर्शनास काही अर्थ उरत नाही. तेव्हा खंजन काही काळ अदृश्य असतो आणि ठराविक ऋतूत पुन्हा प्रकट होतो, हे निरीक्षण या अध्यायाच्या मुळाशी गृहीत धरलेले आहे. तुलसीदासाच्या रामचरितमानसातही शरद ऋतूच्या वर्णनात खंजनांच्या आगमनाचा उल्लेख येतो. विजयादशमीच्या विधींत नीराजनानंतर राजाने जल, गाई किंवा गोठा यांच्या सान्निध्यात खंजन पाहावा, असे धर्मनिबंधांत सांगितलेले आढळते. पाऊस सरल्यावर येणारा हा पक्षी सणाच्या तिथीशी कसा जोडला गेला, हे यावरून सहज उमजते.

मधल्या काळात पक्षी कोठे जातो, हे मात्र पूर्वीच्या माणसास ठाऊक नव्हते. त्याच्या डोक्यावर शेंडी उगवली म्हणजे तो कोणास दिसेनासा होतो, अशी समजूत हिंदी भाषक प्रदेशात प्रचलित आहे. कारणमीमांसा चुकीची असली तरी तिच्या खालचे निरीक्षण खरे आहे. पक्षी जातो आणि परत येतो, एवढे या समजुतीने अचूक टिपले आहे. त्याचे स्थलांतर तेवढे तिला ठाऊक नाही.

वराहमिहिराने खंजनाचे चार प्रकार सांगितले आहेत. पुष्ट, उंच मानेचा आणि काळ्या गळ्याचा तो ‘भद्र’. कंठापासून मुखापर्यंत काळा तो ‘संपूर्ण’. ज्याच्या गळ्यावर काळा ठिपका असून गाल पांढरे असतात तो ‘रिक्त’. आणि पिवळा तो ‘गोपीत’. भद्र हा कल्याण करतो, संपूर्ण आशा पूर्ण करतो, रिक्त माणसास रिक्त करतो आणि गोपीत क्लेश देतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता या वर्गीकरणात एक मौजेची गोष्ट आढळते. पहिल्या तीन प्रकारांची फळे पक्ष्याच्या अंगावरून काढलेली नसून त्याच्या नावावरून काढलेली आहेत. काळा रंग भरून आलेला तो संपूर्ण, म्हणून तो आशा पूर्ण करणारा. काळा रंग कमी तो रिक्त, म्हणून हात रिकामे करणारा. आधी वर्णनासाठी शब्द योजावा आणि मग त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरून भविष्य वाचावे, अशी ही पद्धती होय. शकुनशास्त्राचा बराच मोठा भाग या शब्दखेळावर उभा आहे.

परंतु फळे बाजूला ठेवली तर मागे उरणारे वर्णन डोळसपणे केलेले आहे. पिवळा प्रकार वेगळा काढणे, गळ्यावरील काळ्या रंगाची व्याप्ती पाहणे, गालांचा पांढरेपणा टिपणे, या आजही धोब्यांच्या जाती-उपजाती ओळखण्याच्याच खुणा आहेत. एवढेच नव्हे, तर पांढऱ्या धोब्याच्या बाबतीत हे वर्गीकरण अनपेक्षित रीतीने कोलमडतेही. हिवाळ्याच्या आरंभी त्याचा गळा पांढरा असतो व छातीवर काळी चंद्रकोर तेवढी असते. हिवाळा संपत येता नवी पिसे येतात आणि हनुवटीपासून छातीपर्यंत काळा रंग भरतो. म्हणजे कार्तिकातला रिक्त तोच फाल्गुनातला संपूर्ण! एकाच अंगणात एकाच पक्ष्यास धीराने सहा महिने पाहणाऱ्याची आशा अशा रीतीने ग्रंथाधारेच पूर्ण होते.

३

याच अध्यायातील दुसरा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. खंजन कोठे बसलेला दिसला असता कोणते फळ, याची तेथे लांबलचक यादी दिली आहे. पवित्र जलाशय, बागा, वाडे, गाईंचे गोठे, हत्ती-घोड्यांच्या शाळा, यज्ञ आणि उत्सव यांच्या जागा, सारवलेली जमीन, दह्याची भांडी, धान्याच्या राशी, पांढरी वस्त्रे या ठिकाणी तो दिसणे शुभ मानले आहे. चिखलात दिसल्यास गोड अन्न, शेणावर दिसल्यास दूधदुभते, हिरवळीवर दिसल्यास वस्त्रलाभ होतो. उलट गाडीवर दिसल्यास देशाची हानी, घराच्या छपरावर दिसल्यास द्रव्याची हानी आणि घाणीत दिसल्यास रोग होतो. स्मशान, तटाची भिंत, राख, हाडे याही जागा अशुभांत घातल्या आहेत.

शुभाशुभाचा विचार सोडून ही यादी वाचली, तर ती एका भरलेल्या वस्तीची यादी आहे, हे ध्यानात येते. तीत घनदाट अरण्य नाही, पर्वतशिखर नाही, ओसाड माळ नाही. जेथे माणसे राहतात, जनावरे बांधतात, धान्य साठवितात आणि वस्त्रे वापरतात, तेथल्याच जागा बहुतेक आहेत. खंजन हा पूर्वीपासून नागर पक्षी आहे, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

पक्ष्याच्या आहाराकडे पाहिले म्हणजे या यादीचा उलगडा होतो. धोबी हा मुख्यत्वे बारीक कीटकांवर जगतो, आणि ते तो जमिनीवर धावत टिपतो. त्यास उंच गवत चालत नाही, कारण त्यात ना धावता येते ना भक्ष्य दिसते. त्यास हवी असते ती मोकळी, ओलसर, आखूड गवताची किंवा उघड्या चिखलाची सपाट जागा. गोठ्याजवळ माश्या असतात, शेणात अळ्या असतात, तळ्याच्या काठी डास आणि चिलटे असतात. आजच्या शहरात गोठ्याची जागा खेळाच्या मैदानाने घेतली आहे. सारवलेल्या अंगणाच्या जागी पाणी मारलेली हिरवळ आली आहे, आणि तळ्याच्या काठाऐवजी पाण्याच्या टाकीच्या गळतीने भिजलेली गच्ची आहे. पुण्यात मुठेचे पूर ओसरून पात्रातील दगड आणि गाळ उघडे पडले, की तेथे धोबी उतरतात. मुंबईतील मैदानांच्या हिरवळीवरही ते धावताना दिसतात. गच्चीवरील दर्शन मात्र वराहमिहिराच्या हिशेबी द्रव्यनाशक ठरते. पण शहरवासी पक्षिप्रेमिकांपैकी अनेकांस खंजन प्रथम तेथेच भेटतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकिवात नाही.

गाडीवरील दर्शनासही आज नवा संदर्भ आला आहे. उभ्या मोटारीच्या बाजूच्या आरशावर चोच मारीत बसलेला धोबी वस्तीत अनेकदा दिसतो. आरशातले आपलेच प्रतिबिंब त्यास प्रतिस्पर्धी वाटते. हिवाळ्यात या पक्ष्याची पिले नसतात, घरटे नसते. तरीही तो आपली जागा राखतो. याचे कारण एन. बी. डेव्हिस आणि ए. आय. ह्यूस्टन यांनी इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ टेम्स नदीच्या काठी केलेल्या, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून चांगले स्पष्ट झाले. तेथील पांढऱ्या धोब्याच्या उपजातीतील एकेक पक्षी नदीकाठचा सुमारे ६०० मीटरांचा पट्टा राखून असतो. एका काठाने वर जाऊन दुसऱ्या काठाने खाली येण्यास त्यास सुमारे ४० मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात पाण्याबरोबर वाहत आलेले नवे कीटक काठास लागलेले असतात. परका पक्षी मध्येच येऊन टिपून गेला तर ही सर्व आखणी फसते, म्हणून त्यास हाकलणे भाग पडते. भक्ष्य विपुल असेल त्या दिवशी मात्र हाच जमीनदार दुसऱ्या एखाद्या पक्ष्यास आपल्या पट्ट्यात राहू देतो, आणि तो पाहुणाही उपऱ्यांस हाकलण्याच्या कामी हातभार लावतो.

वस्तीतल्या प्रतीक्षेशी या शोधाचा जवळचा संबंध आहे. धोबी एकदा एका जागी दिसला आणि निघून गेला, म्हणजे तो कायमचा गेला असे मानण्याचे कारण नाही. तो बहुधा आपल्या फेरीवर असतो. तीच जागा काही वेळाने पुन्हा पाहिली तर पुन्हा भेट घडण्याचा संभव बराच असतो.

४

आता मराठी नावांकडे वळू. संस्कृत ‘खंजन’ या शब्दाचा संबंध ‘खंज्’ या धातूशी लावला जातो. लंगडणे, चालीत वैकल्य असणे असा त्याचा अर्थ असून लंगडा या अर्थी ‘खंज’ हा शब्द त्यातूनच आला आहे. चालता चालता थांबणे, शेपटी हलविणे आणि पुन्हा धावणे ही या पक्ष्याची तुटक गती ज्याने पाहिली असेल, त्यास या नावाचे औचित्य पटेल. संस्कृत कवींनी हीच चंचलता सुंदर स्त्रीच्या डोळ्यांत पाहिली आणि ‘खंजनाक्षी’सारखे शब्द घडविले. लंगडेपणापासून नेत्रसौंदर्यापर्यंतचा एका शब्दाचा हा प्रवास अर्थविस्ताराचे उत्तम उदाहरण म्हणून दाखविता येईल.

मराठीने या पक्ष्याची चाल टिपली नाही. त्याची जागा आणि त्याची कृती टिपली. नदीच्या घाटावर पाण्याच्या कडेस उभा राहून शेपटी वरखाली आपटणारा हा पक्षी दगडावर कपडे आपटणाऱ्या परटासारखा दिसला, म्हणून तो परीट अथवा धोबी झाला. खंजरीट आणि परीट या शब्दांच्या शेवटांतील साम्य पाहून एकापासून दुसरा आला असावा, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु नुसते नादसाम्य हे व्युत्पत्तीस पुरेसे प्रमाण नव्हे. परीट हे व्यवसायाचे नाव पक्ष्यास लागले, ही गोष्ट ‘धोबी’ या समांतर नावावरून उघड होते. दोन निराळे शब्द, परंतु त्यांमागील कल्पना एकच.

ही कल्पना केवळ भारतीय नाही. स्पॅनिश भाषेत या पक्ष्यास ‘लावांदेरा’ म्हणतात, त्याचा अर्थ धुणारी बाई; फ्रेंच लोकभाषेतील ‘लावांदिएर’ या नावाचाही अर्थ तोच. मुठेकाठच्या माणसाने आणि स्पेनमधील नदीकाठच्या माणसाने एकमेकांस न विचारता एकच उपमा योजिली. शब्दाची उसनवारी नसतानाही अर्थ सारखा निघावा, याचे कारण दोहोंकडे पक्षीही तोच होता, आणि त्याच्या शेजारी काठावर धुणे धुणारा माणूसही होता. या नावात पक्ष्याबरोबर त्याच्या शेजाऱ्याचीही नोंद झाली आहे. वराहमिहिराच्या यादीत पांढऱ्या वस्त्रांचा समावेश आहे, हेही येथे आठवावे.

शास्त्रीय नावाचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. या कुलाच्या प्रजातीस ‘मोटासिला’ म्हणतात. हा लॅटिन शब्द जुना असून, सतत शेपटी हलविणारा म्हणून हे नाव, असे रोमन पंडित वारो याने सांगितले आहे. पुढे काही वाचकांनी शब्दाच्या उत्तरार्धाचाच अर्थ शेपटी असा घेतला. तसा तो मुळात नाही. पण या गैरसमजातून दुसऱ्या पक्ष्यांच्या नावांनाही तोच उत्तरार्ध जोडला गेला. नावे देणारे शास्त्रज्ञ असले तरी शब्दांचे गैरसमज टळतात असे नाही.

५

या नावांच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक विशेष संबंध आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मुंबई इलाख्यात नोकरीस असलेला लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमध्ये आढळलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. तीत येथील पांढऱ्या धोब्यास त्याने ‘डुखुनेन्सिस’, म्हणजे ‘दख्खनचा’, असे नाव दिले. हा पक्षी वीण करतो ती पश्चिम सायबेरियाच्या मैदानी प्रदेशात. म्हणजे सायबेरियात जन्मणाऱ्या पक्ष्याच्या नावात दख्खन हे नाव कोरले गेले, कारण ज्याने त्यास नाव दिले त्याने त्यास येथील हिवाळ्यात पाहिले होते.

या नामकरणास चूक म्हणता येईल काय? पक्ष्याचे खरे घर ते त्याचे जन्मस्थान, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि म्हणूनच त्यास येथे पाहुणा म्हणण्यात येते. परंतु हिशेब केला तर हा पाहुणा ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, क्वचित एप्रिलातही, येथे असतो. प्रवासाचे दिवस वजा केले असता विणीच्या प्रदेशात तो जितका काळ राहतो, त्याहून येथील मुक्काम कमी भरत नाही. साइक्सचे नाव या दृष्टीने पाहता निम्मे सत्य सांगते, आणि ‘पाहुणा’ हा शब्द उरलेले निम्मे. अर्वाचीन वर्गीकरणात ही उपजात अनेक तज्ज्ञ मूळ पांढऱ्या धोब्यातच समाविष्ट करतात. त्यामुळे कित्येक याद्यांतून दख्खनचे हे नाव गळले आहे.

६

मराठी नावावरही अशीच, किंबहुना अधिक खोल पाळी येत आहे. नदीकाठी दगडावर कपडे आपटणारा परीट शहरात आता विरळा झाला. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट आजही आहे. परंतु तो नदीच्या काठी नाही, आणि बहुतेक शहरी मुलांनी नैसर्गिक पाण्याच्या काठी धुणे चाललेले पाहिलेले नसते. ‘परीट’ हा शब्द ‘परीटघडी’ या सामासिक शब्दात अद्याप जिवंत आहे. पण स्वतंत्रपणे तो उच्चारला असता तरुण वाचकाच्या डोळ्यांपुढे काठ, दगड आणि ओले कपडे यांचे चित्र उभे राहीलच, असे नाही. उपमेचे उपमान दृष्टीआड झाले म्हणजे नाव अपारदर्शक होते. नाव अपारदर्शक झाले, की ते पाठ करावे लागते; आणि जे पाठ करावे लागते ते लवकर विसरले जाते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, नावातला परीट गेला त्याच मार्गाने नावातला काठही जाऊ शकतो. नदीचा उतरता, गाळाचा, उथळ पाण्याचा काठ काँक्रीटच्या उभ्या भिंतीने बांधून काढला, मैदानावर फरशी बसविली, ओढा नळात घातला, म्हणजे शहर नीटनेटके दिसते. पण ओल्या चिखलात आणि आखूड गवतात वाढणारे कीटक तेथे राहत नाहीत, आणि त्यांच्यामागे येणाऱ्या पक्ष्यास उतरण्याचे प्रयोजन उरत नाही. धोबी हा फार हट्टी पक्षी नाही. त्यास अरण्य नको, अभयारण्यही नको. हातभर ओलसर उघडी जमीन त्यास पुरते. एवढे अल्प मागणारा पक्षी ज्या वस्तीत उतरेनासा होईल, त्या वस्तीत काय हरवले आहे, हे निराळे सांगावयास नको.

या संदर्भात दोन कामे सहज करण्याजोगी आहेत. पहिले काम दर्शनाच्या नोंदीचे. २००७ मध्ये भारतात ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा हिवाळी पक्ष्यांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा सामान्य नागरिकांकडून गोळा करणे हाच त्याचा हेतू होता. वराहमिहिराने पहिल्या दर्शनास जे महत्त्व दिले, तेच येथे फलज्योतिष वगळून नव्या रूपाने पुढे आले. आपल्या वस्तीत पहिला धोबी कोणत्या दिवशी आणि कोणत्या जागी दिसला, एवढे दरवर्षी टिपून ठेवले तरी काही वर्षांनी त्यातून ऋतूंच्या आणि जमिनीच्या बदलांविषयी काही निश्चित सांगता येते.

दुसरे काम शब्दांच्या नोंदीचे आहे, आणि ते भाषाभ्यासकांनी करावयाचे आहे. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाने मराठीतील पक्षिनामांच्या संग्रहाचे मोठे कार्य केले. तथापि नदीकाठी राहणारे परीट, कोळी, गुराखी आणि भाजीचे मळे करणारे लोक या कुलातील निरनिराळ्या पक्ष्यांस काय म्हणतात, नर-मादीत भेद करतात काय, त्यांच्या येण्याशी कोणता सण किंवा कोणते पीक जोडतात, हे गावोगावी जाऊन विचारण्यास अजून वाव आहे. असे शब्द त्यांच्या स्पष्टीकरणासह टिपले पाहिजेत. नुसते नाव मिळाले तर कोशात एका ओळीची भर पडते. ते नाव का पडले, हे सांगणारा माणूस भेटला, तर त्याबरोबर एका काठाचे, एका ऋतूचे आणि कित्येक पिढ्यांच्या निरीक्षणाचे ज्ञान हाती येते. पक्षी पुढच्या आश्विनातही येईल. सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.